साडूंचा सिनेमा

आमच्या साडूंइतका मन लावून दुःखी राहणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नाही आणि होणारही नाही. बाकीची माणसं दुःखी होतात ती काहीतरी घडलं म्हणून. कुणाचं कुणी जातं, कुणाची नोकरी सुटते, कुणाच्या मुलीचं लग्न मोडतं. साडूंचं तसलं काही नव्हतं. सरकारी खात्यात कायम नोकरी, डोंबिवली पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा स्वतःचा ब्लॉक, हसतमुख बायको, अभ्यासात हुशार मुलगी आणि गॅसचे दोन सिलिंडर. त्या काळात ज्याच्याकडे दुसरा सिलिंडर आहे त्याला दुःखी व्हायचा अधिकारच नव्हता. पण हे गृहस्थ रोज सकाळी उठून, दाढी करून, नीट भांग पाडून दुःखी व्हायचे. रविवारी तर विचारूच नका.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही ठाण्याला, वर्तकनगरात राहायचो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांना काय हाक मारावी हे मला सुचेना, म्हणून मी आपलं 'अहो साडू' म्हणालो. त्यांनीही 'बोला साडू' म्हटलं आणि तेच दोघांना कायमचं चिकटलं. त्यांच्या सौभाग्यवतींना मी माझ्या बायकोसारखंच ताई म्हणायचो. ताई घरी शिवणाचे क्लास घ्यायच्या. सकाळी दहापासून त्यांच्या पुढच्या खोलीत मशिनी खडखडत असायच्या आणि त्यावर ताईंचा आवाज असायचा. सबंध बिल्डिंगमध्ये कुणाचं डोहाळजेवण असो की कुणाची म्हातारी आजारी असो, ताई तिथं सगळ्यात आधी हजर. अशा बाईच्या नवऱ्यानं दुःखी असणं म्हणजे श्रीखंडाच्या पंगतीत बसून मीठ मागण्यासारखं होतं.

साडूंच्या दुःखाला जी काही दिशा मिळाली ती एका कादंबरीमुळे. ऐंशी सालच्या आसपास कधीतरी लायब्ररीतून त्यांनी ती घरी आणली. डोंबिवलीसारख्याच एका गावात राहणाऱ्या कारकुनाची गोष्ट. तिच्यात काही घडत नाही. मी शपथेवर सांगतो, मी स्वतः दोनदा वाचलेली आहे, काहीही घडत नाही. नायक ऑफिसला जातो, घरी येतो, चहा पितो आणि गुदमरतो. कशानं गुदमरतो ते त्याला सांगता येत नाही, आणि लेखकानंही ते सांगायच्या भानगडीत न पडता पुस्तक संपवलेलं आहे. साडूंनी ती वाचली आणि त्यांचं अन्नावरचं लक्ष उडालं. म्हणजे जेवायचे, पण दुसरा भात घेईनात. मला म्हणाले की हा लेखक नक्की आपल्याच जिन्यात कधीतरी राहून गेलेला असणार, नाहीतर त्याला हे सगळं कळलं कसं. पुस्तक परत करायची वेळ आली तेव्हा त्यांनी लायब्ररीत जाऊन ते हरवल्याचं सांगितलं. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे ते पुस्तक त्यांच्या हातातल्या पिशवीतून सरळ वर डोकावत होतं. लायब्ररीतले वयस्कर गृहस्थ म्हणे चष्म्यावरून बघत एवढंच म्हणाले, "बरं. हरवलेलं पुस्तक नीट सांभाळा."

मग त्याला खाकी कव्हर चढलं. पट्टी लावून पेन्सिलीनं ओळीखाली ओळी मारल्या गेल्या. शेवटी अशी अवस्था आली की खुणा न केलेल्या ओळीच उठून दिसायच्या. कुणाच्या लग्नाला गेले की जेवताना शेजारच्या माणसाला ते कादंबरीतले उतारे ऐकवायचे, तेही जिलबी वाढत असताना. आमच्या एका मामेसासऱ्यांनी त्यांच्या शेजारी पान मांडायचंच नाही अशी आधीच तंबी देऊन ठेवलेली.

आता तुम्ही म्हणाल, असतं एखाद्याला वेड. पण यात एक गोम होती, आणि ती मला बरीच वर्षं कळलेली नव्हती.

साडूंना आपल्याला काय होतंय ते ताईंना सांगायचं होतं. एवढंच. जे पुस्तकात लिहिलंय ते आपलं आहे, हे त्या एका बाईला कळावं असं त्यांना फार वाटायचं. आधी एकदा त्यांनी सरळ सांगून पाहिलेलं. एका संध्याकाळी धीर करून म्हणाले, "अगं, मला आतून कसंतरीच होतं." ताईंनी ताबडतोब ओवा आणि सैंधव चावायला दिलं, पोट शेकलं आणि आठवडाभर वांगं बंद केलं. दुसऱ्यांदा म्हणाले की मला कंटाळा आलाय, तर ताईंनी उत्साहानं कांदाभजी केली. बाईच्या प्रेमात काही खोट नव्हती हो. पण प्रत्येक दुखण्याला तिच्याकडे डबा ठरलेला होता, आणि याचा डबा तिला सापडत नव्हता. मग साडूंनी कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवायचा घाट घातला. ताई समोर तांदूळ निवडत बसल्या. चौथ्या पानावर नायकाच्या बायकोला भाजी करपल्याचा वास येतो. ताई म्हणाल्या की ही बाई गॅस बारीक का करत नाही, आणि सहाव्या पानावर ताट मांडीवर ठेवून बसल्या बसल्या झोपल्या. पुस्तक हातात घेतलं की त्यांचे डोळे मिटायचेच. सिनेमा मात्र त्या डोळे ताणून बघायच्या. रविवारी टीव्हीवर लागलेला कुठलाही सिनेमा असो, जाहिरातीलासुद्धा उठायच्या नाहीत.

म्हणूनच संध्याकाळच्या पेपरात कोपऱ्यातली ती बातमी आली तेव्हा साडू डोंबिवलीहून थेट वर्तकनगरात येऊन धडकले. त्या कादंबरीवर सिनेमा निघणार होता. आमच्या हिनं पाणी आणून दिलं तर ते तिथंच विसरले आणि मला गॅलरीत घेऊन गेले. तिथं त्यांनी ते पहिल्यांदा मला सांगितलं.

"सिनेमा आला की तिला घेऊन जाईन, साडू. तीन तास शेजारी बसेल. मला तोंड उघडावं लागणार नाही. बाहेर आलो की ती एवढंच विचारेल, तो असा का वागत होता हो? तेवढं विचारलं की पुरे. मग मी सांगेन."

मी हसणार होतो. पण त्यांचा चेहरा बघून हसू आलं नाही. बायकोनं एक प्रश्न विचारावा म्हणून सिनेमाची वाट बघणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

ती वाट त्यांनी अकरा वर्षं बघितली. मराठी सिनेमा निघणार म्हणजे काय असतं ते त्या काळातल्या लोकांना ठाऊक आहे. मुहूर्ताचा नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि निर्माता गावाला जातो. साडूंची मात्र तयारी सुरूच होती. नायक कोण करणार, यावर आमचे रविवार गेले. कुठलंही नाव घेतलं की ते मान हलवायचे. याच्या गालावर मांस फार आहे, म्हणायचे, डोंबिवलीत राहणाऱ्याच्या गालावर इतकं मांस टिकत नाही. त्याचे दात फार एकसारखे, याचा आवाज कधी घरमालकाशी न भांडलेल्या माणसाचा. शेवटी स्टेशनबाहेर पेन दुरुस्त करणारा एक हडकुळा माणूस त्यांना पसंत पडला. दर शनिवारी ते काही बिघडलेलं नसताना त्याच्याकडून पेन दुरुस्त करून घ्यायचे आणि घरी येऊन त्याच्या मानेचं वर्णन करायचे.

त्यांच्या सोसायटीनं बिल्डिंग रंगवायचं काढलं तेव्हा तर कहर झाला. वार्षिक सभेत सगळे एकमुखानं रंगाला हो म्हणत होते. साडू उभे राहिले आणि त्यांनी विरोध नोंदवला. शूटिंग इथंच होणार अशी त्यांची खात्री होती आणि गिलावा उडालेल्या भिंती त्यांना जपायच्या होत्या. भिंती रंगवल्या तर दुःख दिसणार कुठं, असं ते भर सभेत म्हणाले. अध्यक्ष म्हणाले की तुमचं दुःख आमच्या छतातून गळतंय, ते आधी बंद करूया. ठराव साडूंच्या एका मताविरुद्ध मंजूर झाला. ताई दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन रंग कोणता हवा ते विचारून आल्या.

आता माझ्या पापाकडे येतो. माझं अक्षर चांगलं होतं. सासुरवाडीच्या सगळ्या पत्रिका, पाकिटं, मानपत्रं माझ्याकडेच यायची. साडूंनी ठरवलं की निर्मात्याला पत्रं लिहायची. कारण काय, तर ही सिनेमावाली माणसं दादर-पार्ल्याची, त्यांना आपल्याकडचं काय कळणार? चुकीचं दाखवलं तर ताईंना ते आपलं वाटणार नाही. तेव्हा बारीकसारीक सगळं खरंखुरं कळवलं पाहिजे. आपल्याकडच्या माणसांना हा एक रोगच आहे. टीव्हीवर गणपतीची सोंड चुकीच्या बाजूला दिसली तरी आपण पत्र लिहितो. रविवारी ते कच्चं लिहून आणायचे आणि मी ते लांब रेघांच्या कागदावर पक्कं करायचो. वर दोनचार विशेषणं माझ्या पदरची घालायचो, लेखक होण्याची हौस मलाही होतीच.

काय काय लिहिलं त्यांनी. पुढच्या खोलीत त्यांची लोखंडी खाट अशी होती की ती उघडली की दरवाजा उघडायचा नाही. त्यामुळे दुपारी कुणी बेल वाजवली की आधी झोपलेल्या माणसानं उठायचं, गादी गुंडाळायची, खाट मिटायची आणि मग कडी काढायची. एकदा सासूबाई बाहेर उभ्या होत्या आणि खाटेचा पाय अडकला, तर दाराच्या फटीतून त्यांना पाणी द्यावं लागलेलं. ते लिहिलं. वरच्या मजल्यावरचे ओले परकर इस्त्रीच्या शर्टावर ठिबकायचे, ते लिहिलं. आणि एका पत्रात असं लिहिलं की दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी मोरीचं दार लावून, तोंडात ब्रश धरून, नायक साहेबांसमोर द्यायच्या राजीनाम्याचं भाषण म्हणतो. ब्रश अशासाठी की बाहेर शब्द कळू नयेत. मग चूळ भरतो आणि ऑफिसला जातो. अशी बारा वर्षं. हे कादंबरीत नव्हतं. मी लिहिताना थांबलो आणि त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "लिहा तुम्ही."

मी लिहिलं. निर्मात्याच्या ऑफिसातून एक पोस्टकार्ड आलं, माहिती फार उपयुक्त आहे, आणखी पाठवावी. ते कार्ड साडूंनी शर्टाच्या खिशात इतके दिवस ठेवलं की त्याच्या कडा गेल्या. सगळी मिळून तेवीस पत्रं गेली.

सिनेमा आला तेव्हा त्यांच्या मुलीचं लग्न होऊन गेलेलं होतं. स्टेशनजवळ मोठं पोस्टर लागलं. आता तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षांत मराठीत दुसऱ्या तऱ्हेचा सिनेमाच निघत नव्हता. हसवाहसवी, पळापळी, एकीचे दोन नवरे. पोस्टरवर नायकाचं डोकं बादलीत अडकलेलं होतं आणि एक जाडी बाई त्याचे पाय ओढत होती. मी साडूंकडे न बघता पोस्टरखालची बारीक नावं वाचत राहिलो. साडूंनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले की पोस्टर असंच करावं लागतं, त्याशिवाय लोक आत यायचे नाहीत. एकदा आत आले की मग कळेल त्यांना. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

रविवारी तीनच्या खेळाला आम्ही चौघं गेलेलो. साडूंनी नवा शर्ट घातलेला, ताईंनी अबोलीचा गजरा. आमची ही, मग ताई, मग साडू, मग मी, असे बसलो. अंधार झाल्यावर साडूंनी दोन्ही हात मांडीवर नीट ठेवले.

पहिल्या दहा मिनिटांत खाट आली. नायकानं ती मिटायचा प्रयत्न केला, स्वतःच तिच्यात मिटला गेला आणि बाहेर सासू बेल वाजवत राहिली. थिएटर नुसतं फुटलं. ताईंनी साडूंच्या दंडावर थाप मारली. "अहो, आपलीच खाट की हो," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. परकर ठिबकले. लोक शिट्ट्या मारत होते. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला माझ्या सुंदर अक्षरासकट पोटात घ्यावं. आणि मग तो राजीनामा. तोंडात फेस, डोळे वटारलेले, ब्रश हातात धरून नायक साहेबांना ठणकावतोय. मोरीच्या पाइपमधून ते खाली ऐकू जातं आणि संध्याकाळी अख्खी बिल्डिंग शाल आणि श्रीफळ घेऊन त्याच्या निरोप समारंभाला दारात. ताई हसून हसून पुढच्या खुर्चीवर वाकल्या. मुलीच्या लग्नानंतर त्यांना इतकं हसताना मी पाहिलेलं नव्हतं. डोळे पुसत साडूंना म्हणाल्या की कुठून सुचतं हो या लोकांना असलं. साडू पडद्याकडे बघत म्हणाले, "सुचतं."

मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. त्यांचे हात अजून मांडीवर तसेच होते.

शेवटी शेवटी एक प्रसंग आला. कसा राहून गेला देव जाणे, दिग्दर्शकाच्या हातून सुटला असेल. कादंबरीचं शेवटचं पान होतं ते, जसंच्या तसं. सकाळचं पाणी भरायला नायक मोरीत जातो, पिंपावरचा नळ पूर्ण सोडतो, पाटावर बसतो आणि त्या पाण्याच्या आवाजात रडतो. बाहेर कळू नये म्हणून. दोन तास माकडचेष्टा केलेला तो नट तिथं खरा रडला. लोकांना सवय लागलेली, ते आता पिंप वाहणार म्हणून आधीच हसत होते. पुढं ते वाहिलंच, सासू घसरली आणि सिनेमा संपला. पण मधल्या त्या मिनिटभरात आमच्या रांगेत एक आवाज बंद झालेला मला ऐकू आला. ताई हसत नव्हत्या.

बाहेर आलो तेव्हा ऊन होतं. ही आणि मी थोडे मागे चालत होतो. भाजीवाल्यांच्या ओळीजवळ गर्दीमुळे चौघंही थांबलो. ताईंनी गजरा सारखा केला आणि वळून साडूंना विचारलं, "अहो, पण शेवटी तो रडत का होता हो?"

हाच तो प्रश्न. अकरा वर्षं आणि तेवीस पत्रं त्याच्यासाठी गेलेली. मी हिचा हात धरून तिला मागे ओढलं. साडू उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलेलं मी पाहिलं, ओठ हललेलेही पाहिले. आत थिएटरात सगळं गाव ज्याला हसलं, तो मीच, हे त्यांना तिथं भाजीवाल्यांपुढं सांगायचं होतं.

"कारखान्यांच्या केमिकलचा वारा सुटला असेल," ते म्हणाले. "डोंबिवली दाखवलीय ना. चुरचुरतात डोळे."

ताईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "मला आपलं वाटलं, त्याच्या बायकोनं दार वाजवून विचारायला पाहिजे होतं." ताई कोथिंबिरीची जुडी बघायला वाकल्या.

त्यानंतर साडू दुःखी दिसेनासे झाले. पंगतीत लोकांच्या विनोदांना हसायचे, दुसरा भात घ्यायचे. सगळ्यांना बरं वाटलं. ताई तर म्हणायच्या की त्या सिनेमानं यांना माणसांत आणलं. मला मात्र तो माणूस बघवत नसे. पूर्वीचा रडका साडू शंभर पटीनं बरा होता, त्याला निदान कशाची तरी वाट बघायची होती.

नव्वदचं दशक संपता संपता ताई गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. दिवसकार्य झाल्यावर साडू काही दिवस आमच्याकडे राहायला आलेले. हिनं त्यांच्या आवडीचं केलं, त्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं. एका दुपारी आम्ही दोघंच बसलेलो असताना, मागचापुढचा काही संबंध नसताना, ते मला म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही तरी सांगायचंत, साडू."

नवराबायकोच्या मधे मी कसा बोलणार होतो, असं मी म्हणालो. ते खरंच होतं. साडूंनीही मान हलवली. पण तुम्हाला सांगतो, मी त्यांच्यापासून फक्त चार पावलांवर उभा होतो, आणि मला सगळं पाठ होतं.